पुढच्या पाडव्याला रान कुणाचं?

बेळगावची भाजी म्हटलं की प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं. कुणाला कडोलीचा कोबी, कुणाला बेळगुंदीकडची रताळी, कुणाला थंडीतला ओला वाटाणा. गोव्यातल्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. पावसाळ्यात चोर्ला घाट बंद पडला की म्हापसा-पणजीच्या बाजारात ढबू मिरचीपासून बिनीसपर्यंत सगळ्यांचे भाव चढतात, कारण त्यांच्या रोजच्या भाजीचा मोठा वाटा बेळगावहूनच घाट उतरून येतो.

ही भाजी पिकवतं कोण? 'शेतकरी' हे उत्तर अर्धंच खरं आहे. शहराभोवतीच्या खेड्यांत भाजीची बरीच रानं अशी कुटुंबं करतात, ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही. एरवी ती दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला जातात आणि कुणाचे तरी दहा-वीस गुंठे वाट्यानं किंवा फाळ्यानं घेऊन त्यात भाजी लावतात. वाट्यानं म्हणजे पिकाची वाटणी, फाळ्यानं म्हणजे ठरलेलं भाडं. सगळा व्यवहार तोंडी, बहुधा पाडवा ते पाडवा.

अशा कुटुंबांनी भाजी करण्याची नवी पद्धत कशी उचलली, काय घेतलं आणि काय घेतलं नाही, हे मी गेली काही वर्षं जवळून पाहते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गावाकडं थोडी जमीन आहे आणि ती दुसरं कुणीतरी करतं. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमचं रान शहराच्या पश्चिमेला आहे. एक एकर जमीन, एक विहीर, बांधाला दोन फणस. आज्जा गेल्यापासून ते वाट्यानं आहे. पावसाळ्यात बहुतेक रानात भात होतं, आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत एक जोडपं भाजी करतं. बाईला मी अक्का म्हणते आणि तिच्या नवऱ्याला मामा. नात्याचा हा हिशोब जुळत नाही, पण गावात तो तसाच चालतो. घरी ती दोघं कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि एकमेकांशी भांडताना दोन्ही. वाट्याचा हिशोब वहीत लिहायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हापासून दर दोन रविवारी माझी तिकडं फेरी असते.

दहा रानं पाहिलेले हात

नवी पद्धत आधी मोठा शेतकरी उचलतो आणि मग ती हळूहळू खाली झिरपते, असं मला वाटायचं. अक्काकडं पाहून कळलं की मधला दुवा वेगळाच आहे. ती पंधराव्या वर्षापासून रोजगाराला जाते. सकाळी सातला टेम्पो येतो आणि बायकांना भरून कधी या गावाला, कधी त्या गावाला नेतो. एकाकडं तिनं ट्रेमधली रोपं लावली, दुसऱ्याकडं टोमॅटोला सुतळी बांधली, तिसऱ्याकडं मल्चिंगचा कागद अंथरला. कुणाचं रोप जगलं, कुणाचं पिवळं पडलं, कुणी फवारणी वाढवूनही माल किडका निघाला, हे सगळं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेतकरी वर्षभर आपलं एकच रान बघतो, मजूर दहा रानं बघतो.

त्यामुळं अक्काला शिकवायचं फार थोडं होतं. बेळगाव जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत. त्यांच्या कामाची माहिती गावात येते, पत्रकं येतात. पत्रकं कन्नडमध्ये असतात. अक्काला वाचता येत नाही आणि माझं कन्नड दुकानाच्या पाट्यांपुरतं. म्हणून तिची कॉलेजात जाणारी मुलगी मोठ्यानं वाचते, मला मराठीत सांगते, आणि अक्का मध्येच म्हणते, "हे अमक्याच्या रानात केलंय मी. खरं हाय ते."

काय घेतलं

पहिला बदल रोपांचा. पूर्वी गादीवाफ्यावर बी टाकून रोप करायचे. एक जोराचा पाऊस झाला की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी व्हायची. संकरित बियाणं महाग, त्यात असं नुकसान परवडत नाही. आता ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून एका कप्प्यात एकच बी लावतात. दोन ओळींत ४ फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर धरलं, तर दहा गुंठ्यांत टोमॅटोची साधारण १,८०० रोपं बसतात. म्हणजे १९ ट्रे. ते ठेवायला शेत लागत नाही, अंगण पुरतं. अक्कानं त्यावर बांबूच्या कमानी करून जुनी मच्छरदाणी टाकली. पांढरी माशी आत शिरली नाही की पानं आकसणाऱ्या रोगाचा धोका रोपवयात टळतो. साधारण २५ दिवसांत रोप लावायला तयार होतं आणि मुळांभोवतीच्या मातीसकट निघत असल्यामुळं रानात लवकर धरतं.

दुसरा बदल वाणाचा. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथं भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे, १९६७ साली सुरू झालेली. तिथं तयार झालेला 'अर्का रक्षक' हा टोमॅटोचा संकरित वाण पानं आकसणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो. रोग कमी म्हणजे फवारणी कमी, आणि फवारणीचा पंप पाठीवर मजुराच्याच असतो. औषधाचा खर्च किती वाचला हे मी वहीत लिहिते. मामा मात्र त्याचं माप वेगळं सांगतात, "डोळं चुरचुरायचं कमी झालं."

तिसरी गोष्ट याच संस्थेनं सुचवलेली, आणि ती मला सगळ्यांत आवडते. टोमॅटोच्या दर १६ ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावायची. झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा दोन-अडीच आठवड्यांनी मोठं हवं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूकडं ओढली जाते आणि टोमॅटो वाचतो. गणपतीच्या आसपास लागण केली, तर हा झेंडू दसरा-दिवाळीला विकायलाही होतो. पिकाचा पहारेकरी स्वतःचा पगार स्वतःच मिळवतो. कोबीतही असाच उपाय आहे. कोबीच्या २५ ओळींमागं मोहरीच्या ओळी लावल्या की चौकोनी ठिपक्याचा पतंग मोहरीवर जातो.

बाकी छोट्या गोष्टी. टोमॅटोला बांबू, तार आणि सुतळीचा आधार, म्हणजे फळ मातीला टेकून सडत नाही. दोडक्याच्या मांडवात फळमाशीचे सापळे. निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेला ५ टक्क्यांचा अर्क, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ८०० ग्रॅम भुकटी. सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करताना पंपात लिंबाचा रस आणि शाम्पूची एक पुडी घालायची, त्यानं औषध पानावर पसरून चिकटतं. ही शिफारसही हेसरघट्ट्याचीच. शाम्पूची पुडी पाहून मी हसले, तेव्हा अक्का म्हणाली, "तू डोक्याला लावतीस, मी झाडाला लावतो. मळ निघाल्याशी कारण."

या सगळ्यात एक समान धागा आहे. यातलं काहीच रानाला कायमचं चिकटलेलं नाही. ट्रे, बांबू, तार, सापळे उद्या उचलून दुसऱ्या रानात नेता येतात. दुसरं म्हणजे या सगळ्याला पैशापेक्षा हात जास्त लागतात. सुतळी बांधायला, रोज सापळे बघायला, दिवसाआड भेंडी तोडायला माणूस लागतो. मोठ्या शेतकऱ्याच्या भाजीत मजुरीचा खर्चच जड असतो, आणि या घरात नेमकी तीच वस्तू स्वतःची आहे. म्हणूनच अक्कानं दहा गुंठ्यांहून जास्त रान कधी मागितलं नाही. चार हात जेवढं उरकतील तेवढंच तिनं धरलं.

कागदाचं दुहेरी गणित

मल्चिंगच्या कागदाची गोष्ट मात्र सरळ नाही. वाफ्यावर प्लॅस्टिकचा चंदेरी-काळा कागद अंथरला की तण उगवत नाही, ओल टिकते, पाणी कमी लागतं. दहा गुंठ्यांना साधारण ८३० मीटर कागद लागतो, म्हणजे ४०० मीटरची दोन बंडलं आणि थोडा वर.

पण तण उगवलं नाही तर भांगलण कुणाची? भांगलण हीच गावातल्या बायकांची ठरलेली मजुरी. आसपासच्या रानांत कागद आला आणि अक्काच्या टेम्पोतल्या बायकांचे भांगलणीचे दिवस कमी झाले. ज्या कागदानं तिचा रोजगार खाल्ला, तोच तिनं स्वतःच्या वाफ्यांवर अंथरला. कारण तिथं भांगलणीचे पैसे कुणीच देत नव्हतं. दिवसभर दुसऱ्याकडं राबून संध्याकाळी खुरपं घेऊन बसायचं, ते संपलं. शेतमजुराला नवं तंत्र फायद्याचं की तोट्याचं, याचं एकच उत्तर नाही. पायाखाली थोडं तरी रान असलं तर फायद्याचं, नुसती मजुरी असली तर बहुतेक वेळा तोट्याचं.

कागदाचे पैसे तिनं संघातून काढले. आमच्याकडं बायकांच्या बचत गटाला नुसतं 'संघ' म्हणतात. पीक निघाल्यावर फाटका कागद गोळा करून रानाबाहेर काढायचा नियमही तिनं पाळला. नाहीतर त्याचे तुकडे वर्षानुवर्षं मातीत राहतात.

काय घेतलं नाही

एवढं सगळं करणारी अक्का दोन गोष्टींना हात लावत नव्हती. एक शेणखत, दुसरं ठिबक.

शेणखताबद्दल मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती थांबून म्हणाली, "टाकीन की. पण ते खत दोन-तीन वर्षं लागू पडतंय. पुढच्या पाडव्याला रान कुणाचं, सांग बघू?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि घरी बाबांकडंही नव्हतं. आमच्या भागातल्या जुन्या घरांत 'कूळ' हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारतात. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यापासून इथल्या अनेक जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. पुढं कर्नाटकात १९६१ चा जमीन सुधारणा कायदा आला आणि १९७४ च्या दुरुस्तीनं शेतजमीन भाड्यानं किंवा वाट्यानं देण्यावरच बंदी आली. सैनिक वगैरे मोजके अपवाद सोडले तर ती आजही आहे. कायद्याचा हेतू चांगला होता. कसेल त्याची जमीन व्हावी, नवं कूळ निर्माण होऊ नये. अनेक भूमिहीन घरांना त्यातून जमीन मिळालीही. पण ज्यांना तेव्हा मिळाली नाही, त्यांच्या पुढच्या पिढीच्या वाट्याला तोंडी व्यवहार आला. मालक कागद करत नाही, एकाच माणसाला सलग फार वर्षं रान देत नाही. आणि कसणारा मातीत काही घालत नाही.

याला गेल्या काही वर्षांत आणखी एक पदर आला आहे. २०२० च्या दुरुस्तीनं कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे आमचं रान प्लॉट पाडणाऱ्याला विकायला कायद्याची हरकत नाही, पण वीस वर्षं त्यात राबणाऱ्या बाईला तीन वर्षांसाठी लिहून द्यायला आहे.

ठिबकचंही तसंच. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला ठिबकवर ५५ टक्के अनुदान मिळतं, त्यात राज्याची भर पडते. पण अनुदान जमिनीच्या उताऱ्यावर मिळतं. कर्नाटकातला शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांकही उताऱ्यालाच जोडलेला असतो. अक्काच्या नावावर उतारा नाही, म्हणून अनुदान नाही. आणि पूर्ण पैसे घालून ती दुसऱ्याच्या रानात नळ्या पसरणार नाही.

घरातली चर्चा

दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या आधी आमच्या घरी हा विषय निघाला. पुण्याच्या काकांचं म्हणणं होतं, सगळं रान उसाला द्यावं. ऊस कुणी चोरत नाही, रोज कुणी बघावं लागत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शहरात राहून जमीन सांभाळणाऱ्याला हाच मार्ग सोपा वाटतो. मी हिशोबाची वही पुढं ठेवली. चांगल्या वर्षी त्या दहा गुंठ्यांतून घरी आलेला वाटा, आणि भाव पडलेल्या वर्षी आलेला वाटा, दोन्ही दाखवले. भाजीच्या भावाची खात्री कुणी देऊ शकत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता, आणि तोच टोमॅटो कधी कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून शेतात सोडून द्यावा लागतो. म्हणून अक्का एकदम सगळी लागण करत नाही. निम्मं रान आधी, निम्मं तीन आठवड्यांनी. एक तोडा मार खाईल, दुसरा वाचेल.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आज्जा असता तर काय केलं असतं?" कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. ठिबकचा अर्ज बाबा स्वतःच्या नावानं करतील आणि अनुदान सोडून उरणारी रक्कम आम्ही भरू. नळ्या रानाच्या राहतील, वापर अक्काचा. आणि ते दहा गुंठे तीन वर्षं तिच्याकडंच राहतील, असा शब्द पाडव्याला घरात बोलावून, चहा देऊन, काकांच्या समोर द्यायचा.

हा शब्द कागद नाही, हे मला माहीत आहे. उद्या घरात मतं फिरली तर अक्का कुठं दाद मागणार? तिलाही ते माहीत आहे. तरी त्या वर्षी मे महिन्यात मी रानात गेले, तेव्हा दहा गुंठ्यांत शेणखताचे ढीग पडलेले होते. दोन ट्रॉल्या, तिच्या पैशानं. मी काही विचारलं नाही. वहीत मात्र तारीख घालून लिहिलं.

आपल्या हातात काय आहे

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, हे आपल्या विखुरलेल्या मंडळींनी लक्षात घ्यायला हवं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांसाठी मध्य प्रदेशात २०१६ चा कायदा आहे. त्यात जमीनमालक आणि बटाईदार यांना लेखी करार करता येतो, मालकाची मालकी सुरक्षित राहते आणि बटाईदाराला नुकसानभरपाईत हक्क मिळतो. हैदराबादच्या बाजूला अखंड आंध्रच्या काळात, २०११ मध्ये, परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा झाला होता. जमीन नसलेल्यांना ४ ते १० जणांचा संयुक्त जबाबदारी गट करून बँकेकडून तारणाशिवाय कर्ज घेता येतं, ही नाबार्डची वाट देशभर आहे. स्थानिक वकिलाला आणि बँकेला एकदा विचारून घ्यावं.

आणि जिथं कायदा वाट देत नाही, तिथंही काही गोष्टी करता येतात. ठिबक, विहिरीचा पंप, कुंपण अशा रानाला चिकटलेल्या गोष्टींचा खर्च मालकानं करावा. उचलून नेण्यासारख्या गोष्टी कसणाऱ्यानं घ्याव्यात. माती परीक्षण आपल्या नावानं करून त्याचा कागद कसणाऱ्याच्या हातात द्यावा. हिशोब दोघांच्या समोर लिहावा आणि त्यांच्या घरातलं शिकलेलं मूल असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावा. आमच्या वहीवर आता अक्काच्या मुलीची सही असते.

आपल्या पिढीतल्या पुष्कळ जणांना गावाकडच्या रानाचा गट नंबर सांगता येत नाही. तो शोधायला निघालात तर सोबत एवढंही विचारा: ते रान सध्या कोण करतं, किती वर्षं करतं, आणि त्यात शेवटचं शेणखत कधी पडलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्या दोघांविषयी घरात काय बोलायचं, ते आपोआप सुचेल.